दहा लाखांत जरा पळणारी छोटी गाडी, सातारा-सांगली रनिंग, काय घेऊ?

शाहूपुरीकर:
नमस्कार मंडळी. सध्या जुनी डिझेल स्विफ्ट आहे, १.३ वाली, लग्नाआधीपासूनची. अजून चालतीय पण टर्बो शिट्टी मारायला लागलाय आणि घरच्यांनीच आता विषय काढलाय की बदल म्हणून, तर संधी सोडायची नाहीये. बजेट ऑन रोड दहा, ओढूनताणून अकरा. नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत, सासरवाडी सांगलीत विश्रामबागला, त्यामुळे कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा हा रस्ता ठरलेला, अधूनमधून कास नाहीतर महाबळेश्वर. रेस लावायची नाहीये पण ओव्हरटेकला पाय दिला की गाडी निघाली पाहिजे आणि वळणावर होडीसारखी झुलायला नको. मागं आई असते, तिची कंबर दुखते, हे पण बघायचंय. मॅन्युअलच पाहिजे. यादीत नवीन स्विफ्ट, आय२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर आणि चौथी सेकंड हँड पोलो जीटी. ताकदीत स्विफ्ट ८२ पीएस आणि एन लाइन, रेसर दोन्ही १२०, म्हणजे कागदावर स्विफ्टचा विषयच संपतो, पण चालवणारे वेगळंच सांगतात. कुणी या दोन्ही प्रकारच्या गाड्या आपल्याकडच्या रस्त्यावर चालवल्यात का?

वाईकर_ताई:
मी चालवते. शाळेच्या नोकरीमुळे पसरणी घाट माझा नेहमीचा, घरी चार सिलेंडरवाली स्विफ्ट आहे आणि भावाकडे टर्बोवाली आय२०, दोन्ही माझ्या हाताखालून गेल्यात. दादा, पीएस राहू द्या बाजूला, टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, किती आरपीएमवर मिळतो ते बघा. एन लाइनचा १७२ न्यूटन मीटर १५०० आरपीएमपासून ४००० पर्यंत सलग मिळतो, रेसरचा १७० साधारण १७५० पासून. नवीन स्विफ्टचा ११२ आणि तोही ४३०० ला. म्हणजे पाचगणीकडं चढताना पुढं एसटी असेल आणि तुम्ही तिसऱ्यात असाल तर टर्बोवालीला नुसता पाय द्यायचा, स्विफ्टला दुसरा टाकून इंजिन ओरडवायचं. ज्याला ओरडवायला आवडतं त्याला स्विफ्टमध्येच जास्त मजा येते हे पण खरं, कारण ती हलकी आहे, ९२० किलोच्या आसपास, आणि वळणात नाक पटकन फिरतं.

पण टर्बोची एक खोड आहे जी टेस्ट ड्राइव्हला कळत नाही कारण शोरूमवाले तुम्हाला सरळ रस्त्यावर नेतात. एकदम बंद वळण, समोरून गाडी आली म्हणून तुम्ही जवळजवळ थांबलात आणि दुसऱ्यातच राहिलात, आरपीएम हजाराच्या आसपास आला, की मग पाय दाबला तरी गाडी क्षणभर विचार करते आणि मग एकदम उडी मारते. पहिला टाकायची सवय लावून घेतली की त्रास नाही. तुमची जुनी डिझेल पण तशीच होती की, त्यामुळं तुम्हाला जड जाणार नाही. वहिनींना मात्र आधी चालवू द्या, क्लच त्यांच्या पायाला कसा लागतो ते त्यांनाच ठरवू दे.

नाद_पिकअपचा:
भावा विषय संपला, एन लाइन. चारही चाकांना डिस्क आहेत, बाकी दोघींना मागं ड्रम. खंबाटकी चढून वर आलं की पुढं साताऱ्यापर्यंत जो रस्ता मोकळा मिळतो तिथं गाडी काय चिकटून जाती, स्टेअरिंग पण साध्या आय२० पेक्षा वजनदार केलंय. सुरुवातीला २०२१ ला आलेली तेव्हा तो आयएमटी होता, क्लच पेडलच नव्हतं, मला ते अजिबात आवडलं नव्हतं, २०२३ पासून साधा सहा गिअरचा मॅन्युअल दिलाय. आवाज पण भारी हाय. अ‍ॅव्हरेजचं विचारू नका, पाय हलका ठेवला तर ठीक, पण पाय हलका ठेवायला एन लाइन कशाला घ्यायची 😄

ऊसवाला_आष्टा:
वरच्या दादांना कडक सस्पेन्शन काय असतं ते आमच्याकडं हंगामात आलं की कळंल. शाहूपुरीकर, तुमचा निम्मा रस्ता आमच्या दारातनं जातो म्हणून सांगतो. दिवाळी झाली की कारखाने सुरू, ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला, आणि रस्त्यावर पडलेल्या कांड्यांचा चोथा, त्यावर ब्रेक मारला की चाक सरकतं. ह्या रस्त्यावर ओव्हरटेक म्हणजे ताशी तीसवरनं सत्तरपर्यंत किती लवकर जातो एवढाच प्रश्न, टॉप स्पीडचा काय उपयोग? तिथं ताईंचं बरोबर, टर्बोच बरा, दोन ट्रॉल्यांची लांबी पटकन पार होते. पण आई मागं बसणार असंल तर एन लाइनच्या १६ इंची चाकावर आणि कडक स्प्रिंगवर आष्ट्याच्या अलीकडच्या खड्ड्यांत त्या तुम्हाला काय म्हणतील ते इथं लिहू नका म्हणजे झालं. आईंना घेऊनच टेस्ट ड्राइव्हला जावा, मागच्या सीटवर बसवा, एखादा मोठा स्पीडब्रेकर आणि खराब पॅच मुद्दाम घ्या.

आणि स्विफ्टला इतकं हलकं घेऊ नका. नवीनला तीन सिलेंडर केल्यापासून वर पळवताना जुन्या के सीरिज इंजिनाचा गुळगुळीतपणा गेला ते मान्य, पण खाली गावात, चौकात ती चांगली उचलते, आणि कंपनी लिटरला २४.८ सांगते त्यातलं तीनचतुर्थांश जरी मिळालं तरी टर्बोवाले गप बसतात. शिवाय बिघडली तर कुठल्याही गावात दुरुस्त होते.

पेट्रोलचं म्हणाल तर आता सगळीकडं ई२०, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल, त्यातलं काही आमच्या उसाचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी, त्यामुळं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के कमी पडलं तर गाडीला शिव्या देऊ नका, आम्हाला पण देऊ नका, बिलं आम्हाला पण वेळेवर मिळत नाहीत.

शाहूपुरीकर:
@ऊसवाला_आष्टा 😂 आईला घेऊन जाण्याची आयडिया एकदम पटली. @वाईकर_ताई तुम्ही सांगितलेलं बंद वळणाचं यवतेश्वर घाटात करून बघतो, शोरूमवाला नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला जाईन.
दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, टॅक्सबिक्स धरून एन लाइन अकरात बसते का, कारण एका शोरूमवाल्याने कोटेशनमध्ये अ‍ॅक्सेसरीजच इतक्या घातल्यात की नक्की गाडी किती आणि फूटमॅट किती तेच कळेना. दुसरं, सांगलीतच एक पोलो बघितलीय, डिसेंबर २०२० ची, एमएच १० पासिंग, सिंगल ओनर, लाल, दिसायला कडक. विकणारा जीटी आणि मॅन्युअल सांगतोय.

हिशोबी_कराड:
जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून कमी झालाय. पेट्रोल, १२०० सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत असेल तर १८ टक्के, आधी सेस धरून २९ होता. तुमच्या यादीतल्या नव्या तिन्ही गाड्या यात बसतात. रोड टॅक्स महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांच्या आत ११ टक्के, डिझेलला १३. एक्स-शोरूम सव्वानऊ धरला तर टॅक्सच लाखाच्या वर, त्यात पहिल्या वर्षाचा पूर्ण विमा आणि थर्ड पार्टी तीन वर्षांचा सक्तीचा, म्हणजे पावणेअकराला टेकता. खालचं मॉडेल घेतलं तर अकरात बसते, वरचं नाही. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरून कोटेशन आणून समोर ठेवा, लगेच आकडा खाली येतो. अ‍ॅक्सेसरीजवर सरळ काट मारायची, लाजायचं नाही.

रेसरचं एक बघा, ती २०२४ च्या जूनमध्ये साडेनऊ लाखांपासून आली होती, पण २०२५ च्या मे मध्ये नव्या तोंडाची अल्ट्रोझ आली त्यात रेसर नव्हती. त्यामुळे कुणी दाखवली तर पडून राहिलेला स्टॉक असण्याची शक्यता धरा, बनवल्याचा महिना विचारा आणि त्याप्रमाणे घासाघीस करा. त्याच नव्या अल्ट्रोझमध्ये १.५ डिझेल मिळतं, २०० न्यूटन मीटर, डिझेल हॅचबॅक आता तेवढीच उरलीय. तुमचा पाय डिझेलवर बसलेला आहे म्हणून सांगतोय, चालवून तर बघा.

गॅरेज_मिरज:
पोलोचं मी सांगतो. पहिली गोष्ट, पेट्रोलमध्ये जीटी आणि मॅन्युअल असं एकत्र नसतंच. जुनी १.२ टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, आली ती सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिकवरच, २०२० नंतरची १.० टीएसआय जीटी आली ती सहा गिअरच्या साध्या ऑटोमॅटिकवर. मॅन्युअल असेल तर ती १.० टीएसआयची हायलाइन प्लस असणार, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर, आणि मागचा जीटीचा बॅज कुणीतरी नंतर चिकटवलाय. गाडी वाईट नाही, उलट सहा गिअरची तीच जास्त मजेची, पण बॅजचे पैसे जास्त लावत असेल तर देऊ नका. आरसीवर व्हेरिएंट बघा.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. सांगली पासिंगची गाडी म्हटलं की पूर विचारायचाच. डिसेंबर २०२० ची म्हणजे २०१९ चा महापूर तिने बघितलेला नाही पण जुलै २०२१ चा बघितला असेल. विकणारा कधीच सांगत नाही, गाडी सांगते. पुढच्या सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढा, जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथं मातीची आडवी रेघ दिसते, पट्टा धुतला तरी ती पूर्ण जात नाही. पट्टा कोरा नवा दिसला तर ते पण संशयाचं, पाच वर्षाच्या गाडीत एकच पट्टा नवा कशाला? मग डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बघा, गाळ कोपऱ्यात राहतो. सीटचे खालचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटच्या खालचा फोम दाबून वास घ्या, डॅशबोर्डखाली मोबाईलचा टॉर्च मारून वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेत का बघा. एसी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात ओला वास आला तर हात जोडा आणि निघा. विम्याचा क्लेम इतिहास पण मागा, २०२१ च्या डिसेंबरच्या रिन्यूअलला नो क्लेम बोनस मिळाला नसेल तर का नाही ते विचारा.

पुराची नसेल तर मग स्कॅनर लावायचा, सकाळी थंड इंजिन चालू करताना आपण समोर पाहिजे, आधीच गरम करून ठेवली असेल तर परत जायचं. टर्बोची होज तेलाने ओली आहे का, सर्व्हिस वेळेवर झालीय का, ऑइल कुठलं घातलंय. छोट्या टर्बो इंजिनला ऑइलमध्ये काटकसर केलेली चालत नाही. पोलो २०२२ ला बंद झाली, बंपर, हेडलाइट असल्या बॉडी पार्टला थांबावं लागू शकतं, इंजिनची काळजी कमी कारण तेच १.० टीएसआय व्हर्टस आणि टायगूनला आहे. आणि ई२० चं वर कुणीतरी लिहिलंय, एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, ही त्यातलीच. रबरी पाइप आणि सील दरवेळी सर्व्हिसला बघून घ्यायचे.

नाद_पिकअपचा:
गॅरेजवाले काका, रिमॅप, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून, घेतली तर पोलो एन लाइनला मागं टाकंल ना?

गॅरेज_मिरज:
टाकंल. वॉरंटी तर गेलेलीच आहे, क्लच पण जाईल, आणि विम्यावाल्याला न सांगता केलं तर अपघातात क्लेम पण जाईल. त्यापेक्षा त्यातले निम्मे पैसे चांगल्या टायरला घाल, वळणात फरक तिथं कळतो.

शाहूपुरीकर:
काका, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. बॅजचं खरं निघालं, विकणाऱ्याला आरसीचा फोटो मागितला तर हायलाइन प्लसच आहे, आणि लगेच तीस हजार कमी करायला तयार झाला 😀 आधी आईला घेऊन एन लाइन आणि डिझेल अल्ट्रोझ चालवतो. एन लाइनमध्ये आई कण्हली नाही तर तीच, नाहीतर अल्ट्रोझ. पोलो तिसऱ्या नंबरवर, पण सीटबेल्ट ओढून बघायला तरी जाणारच. तुमच्याकडं आणली तर चेक करून द्याल का?

गॅरेज_मिरज:
आणा. लिफ्टवर घेऊन खालून बघायला तासभर लागतो, फोन करून या, आणि विकणाऱ्याला सोबत आणू नका, तो शेजारी उभा राहून बोलत बसतो मग कामात लक्ष लागत नाही. सोमवारी गॅरेज बंद असतं.