सहा महिन्यांचं बाळ आणि हातानं खाणं: कोल्हापुरी घरातलं काय द्यायचं, कसं कापायचं?

शाहूपुरीची_आई

पुढच्या आठवड्यात मुलीला सहा महिने पूर्ण होतात. पूर्ण दिवसांची आहे, वजन नीट आहे. उष्टावण झालं की बेबी लेड वीनिंग सुरू करायचा विचार आहे, म्हणजे पेज-खिमटी भरवत न बसता मऊ तुकडे समोर ठेवायचे आणि तिनं स्वतः उचलून खायचं. मान धरते, मांडीवर टेकून बसते, हाताला लागेल ते तोंडात घालते. सासूबाईंचं म्हणणं, दात नाहीत तर घशात अडकेल, वर्षापर्यंत पातळच द्या.

घरात रोज भाकरी-आमटी, रविवारी मटण. यातलं काय काढून देता येईल? तुकडा केवढा? किती खायला हवं? आणि खरंच अडकलं तर काय करायचं?

आहारसखी_करवीर

'टेकून बसते' एवढ्यावर सुरू करू नका. कमरेला हलका आधार दिला की पाठ आणि मान सरळ ठेवून बसली पाहिजे, कलंडता कामा नये. ओठाला चमचा लावल्यावर जिभेनं सगळं बाहेर ढकलत असेल तर अजून आठवडाभर थांबा. रेललेल्या बाळाच्या तोंडातला घास आपसूक घशाकडे घसरतो, म्हणून झोळीत, बाउन्सरमध्ये किंवा कारसीटमध्ये काही खायला द्यायचं नाही. उंच खुर्ची असेल तर पाय लोंबकळू देऊ नका, खाली टेकायला फळी हवी.

तुकड्याचं गणित असं. या वयात बाळ अख्खी मूठ आवळून धरतं आणि मुठीच्या आतलं त्याला खाता येत नाही. तुकडा आपल्या बोटाएवढा लांब आणि जाड ठेवा, म्हणजे दोन-तीन सेंटीमीटर मुठीबाहेर उरतो. बारीक तुकडे सुरक्षित वाटतात, पण ते चिमटीत धरता येईपर्यंत, साधारण आठ-नऊ महिन्यांपर्यंत, थांबायचं. प्रत्येक तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून हलका दाबून बघा. सहज चेपला तरच ताटात. हिरड्यांना तेवढंच चेपता येतं, पण तेवढं मात्र त्या व्यवस्थित चेपतात, हे सासूबाईंना करून दाखवा.

गाजराच्या फोडी डब्यात घालून कुकरला दोन-तीन शिट्ट्या. रताळं सालासकट शिजवून मग कापा, आधी कापलंत तर कडा विरघळून हातात लगदा येतो. लाल भोपळ्याला शिट्टी नकोच, वाफेवर पाच-सात मिनिटं पुरे. केळं धुवून खालची निम्मी साल तशीच ठेवा, नाहीतर मुठीतून निसटतं. शेवग्याची शेंग हातात देऊ नका, तिचे दोर निघतात. गर खरवडून द्या.

भाकरीचं नीट बघा. कोरडा तुकडा तोंडात भुगा होतो आणि वरचा पापुद्रा टाळूला चिकटून बसतो. तो जिभेनं सोडवणं बाळाला जमत नाही. बिनमिठाच्या वरणात भाकरी भिजवून, कुस्करून, लांबट मुटके वळा. भात इंद्रायणीचा असेल आणि जरा आसट शिजवला असेल तर त्याचेही मुटके छान राहतात. पण पहिल्या महिन्यासाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते मुगाच्या डाळीचं धिरडं. डाळ चार तास भिजवून वाटायची, चिमूटभर हळद-जिरेपूड, मीठ नाही. पीठ जाडसर पसरून झाकण ठेवायचं, तूप सोडून दोन्ही बाजूंनी शिजवायचं, कुरकुरीत झालेल्या कडा कापून टाकायच्या आणि उरलेल्याच्या बोटभर पट्ट्या करायच्या.

पहिला आठवडा दिवसातून एकदाच. दूध पिऊन तासभर झालेला असावा, झोपेची वेळ नसावी. समोर दोनच तुकडे ठेवा. एक-दोन चमचे पोटात गेलं तरी पुष्कळ, बाकी सांडणारच. हळूहळू दोन-तीन वेळांवर या. सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, बाकीचं दुधातूनच, त्यामुळे अंगावरचं पाजणं कमी करू नका. पाणी जेवताना लहान पेल्यातून दोन-चार घोट.

बावड्याची_सुगरण

वरचं सगळं पटलं, पण लोहाचं राहिलं, आणि हातानं खाणाऱ्या बाळांत कमी पडण्याची जास्त भीती त्याचीच असते. बाळानं पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. आपण मात्र धरायला सोपं म्हणून केळं, बटाटा, सफरचंद देत राहतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाच्या 'ब्लिस' अभ्यासात आईवडिलांना म्हणूनच सांगितलं होतं: प्रत्येक जेवणात एक लोहाचा पदार्थ, एक ताकदीचा पदार्थ, आणि घशात अडकणारं काही नाही. 2016 साली आलेल्या निष्कर्षात, अशी शिकवणी मिळालेल्या घरांतली हातानं खाणारी बाळं आणि नेहमीच्या पद्धतीनं खाणारी बाळं यांच्यात घशात अडकण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मात्र दोन्हीकडे बऱ्याच बाळांना अडकणारे पदार्थ दिले गेले होते. म्हणजे सासूबाईंची काळजी चुकीची नाही, फक्त ती चमच्यानं भरवतानाही तेवढीच लागू आहे.

आता रविवारचं मटण. आपल्याकडे रश्शाआधी मटणाचं जे 'अळणी' पाणी शिजवतात, नाव अळणी असलं तरी त्यात बहुतेक घरी मीठ सुरुवातीलाच पडतं. त्याआधी 40-50 ग्रॅम मऊ, बिनहाडाचं मटण हळद-आलं-लसणात वेगळ्या डब्यात घालून त्याच कुकरला लावा. बोटानं धागे सुटेपर्यंत शिजलं पाहिजे. अख्खी फोड देऊ नका, चावता न आल्यानं ती तोंडात चोथा होऊन बसते. धाग्यांना आडवं अगदी बारीक चिरा, तेवढाच उकडलेला बटाटा, चमचाभर त्या डब्यातलंच पाणी आणि थोडं तूप घालून बोटाएवढ्या वळकट्या करा, तव्यावर नुसत्या गरम करा. नळी चोखायला देतात ते टाळा, कुकरमधल्या हाडाच्या कपच्या निघतात. कलेजीत लोह भरपूर, पण अ जीवनसत्त्वही फार, म्हणून आठवड्यातून एकदा आणि थोडीच. तांबडा आणि पांढरा दोन्ही वर्षापर्यंत नाहीत. बाळाला दिवसाचं सगळं मिळून एक ग्रॅमच्या आत मीठ चालतं, म्हणजे वरून घालायला जागाच नाही.

मटण नसेल त्या दिवशी मसूर, मोड आलेले मूग, अंडं. डाळीवर लिंबाचे दोन-चार थेंब पिळा किंवा शिजवलेला टोमॅटो घाला, लोह जास्त अंगी लागतं. नाचणी चांगली, पण ती मुख्यतः कॅल्शियमसाठी; लोहासाठी एकट्या नाचणीवर विसंबू नका. सहा महिन्यांनंतर सरकारी कार्यक्रमात लोहाचं सिरप असतं, आठवड्यातून दोनदा एक मिली. आशाताईंकडे विचारा आणि डॉक्टरांना दाखवून सुरू करा.

आणि एका वेळी वाटीत मऊ खिमटी, हातात धिरडं असं केलंत तरी काही बिघडत नाही. चमचा भरून तिच्या हातात द्या, बाकी ती बघेल.

बालरुग्ण_परिचारिका

पहिले काही दिवस बाळाला ओकारीसारखी उबळ येणारच. तोंड लाल होतं, जीभ बाहेर येते, खोकल्याचा आवाज येतो, घास पुढे ढकलला जातो. अशा वेळी हात लावू नका. तोंडात बोट तर मुळीच नको, घास आणखी आत जातो. खरं अडकतं तेव्हा आवाज बंद होतो: रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळसर पडायला लागतात.

मग वेळ घालवायचा नाही. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार. तळहाताच्या मागच्या भागानं दोन खांद्यांच्या मधोमध पाच ठोके. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाब. पुन्हा पाच ठोके. दुसऱ्यानं तोपर्यंत 108 लावायचा. पोटावर दाब वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचा नाही. हे वाचून हातात बसत नाही. सासूबाईंसकट घरातल्या सगळ्यांनी बाहुलीवर शिकून घ्या.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, भडंग, चिरमुरे, चिक्की, कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, उसाचे करवे घरात सहज हाताशी असतात. यातलं काही नाही. द्राक्ष उभं चिरून चार भाग केल्याशिवाय नाही. आणि मोठं भावंडं प्रेमानं काय भरवतंय याच्यावर डोळा हवा.

शाहूपुरीची_आई

खूप आभार. शेवटचं एक: उष्टावणाला मध, रोजच्या खिरीत थोडा गूळ, आणि सासरे गंगावेशीतून म्हशीचं धारोष्ण दूध आणायचं म्हणतात. शिवाय शेंगदाण्याचं कूट आमच्या निम्म्या भाज्यांत असतं.

आहारसखी_करवीर

मध वर्षापर्यंत बोटभरही नाही. त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, घरी उकळल्यानं ते मरत नाहीत, आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात. गूळ कितीही चांगल्या गुऱ्हाळातला असला तरी साखरच. दोन वर्षांपर्यंत वरून गोड नको. उष्टावणाची खीर बिनगुळाची, खारकेच्या पातळ वाटणाची करा, मामाचा मान राहतो. धारोष्ण दूध म्हणजे न तापवलेलं, ते बाळाला कधीच नाही. तापवलेलंही प्यायचं दूध म्हणून वर्षानंतरच. त्याआधी पिठात, खिमटीत थोडं, किंवा घरचं दही चालेल.

शेंगदाणा टाळू नका, उलट लवकर ओळख करून द्या. अगदी बारीक कूट, पाव चमचा, वरणात किंवा दह्यात पूर्ण कालवून; कोरडं कूट श्वासाबरोबर आत जातं. सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल. त्या दिवशी दुसरं काही नवीन नको, आणि दोन-तीन दिवसांनी अंडं, पूर्ण उकडलेलं, पाव चमच्यापासून. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, लागोपाठ उलट्या, घरघर यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना. तिला आधीपासून जास्त खाजरा एक्झिमा असेल तर शेंगदाणा आणि अंडं दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. काही झालं नाही तर पुढे आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, एकदा देऊन सोडून दिलं तर उपयोग नाही.