चौकशीतून सुटलेल्या माणसासाठी इंग्रजीत नेमका शब्द कोणता?

सोलापूरची_लेक
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून सगळं एकदमच लिहिते. आमचे अण्णा एका संस्थेत कॅशियर होते, दोन वर्षांपूर्वी कॅश कमी आली म्हणून त्यांच्यावर आळ आला, सस्पेंड केलं, खातेनिहाय चौकशी लावली. मागच्या महिन्यात आदेश हातात पडला, "दोषारोप सिद्ध होत नसल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे." आता पुण्यात एका ठिकाणी हिशोबाचं काम मिळायलंय आणि ते लोक जुन्या प्रकरणाबद्दल इंग्रजीत लिहून मागायलेत. मी ॲक्विटेड लिहिलं, भाऊ म्हणतो एग्झॉनरेटेड, मैत्रीण म्हणते विंडिकेटेड लिही, भारी वाटतं. डिक्शनरीत सगळ्यांपुढं निर्दोष ठरवणे एवढंच. चुकीचा शब्द गेला आणि अण्णा कायतर लपवलालेत असं वाटलं तर? दोन वर्षं झाली त्यांनी इथं सोलापूरच्या नवी पेठेत बाजाराला जायचं सुद्धा सोडलंय.

निवृत्त_शिरस्तेदार
ताई, ॲक्विटेड आधी काढा. तो कोर्टाचा शब्द, फौजदारी खटला चालून निकाल लागला की निर्दोष मुक्तता होते ती. वाचणारा लगेच विचारेल, कुठला खटला, कुठलं कोर्ट? म्हणजे जे घडलंच नाही ते तुम्हीच अण्णांच्या नावावर लावाल. आणि खटला पूर्ण चालायच्या आधीच पुराव्यात दम नाही म्हणून सोडलं तर तो डिस्चार्ज, तोही तुमचा नाही.
ॲक्विटचं मूळ देणं फेडण्यात आहे. जुन्या ऑफिसात पगार घेताना ज्या पत्रकावर सही करायचो त्याला ॲक्विटन्स रोल म्हणायचे, म्हणजे पैसे मिळाले, देणं मिटलं. आपल्याकडचा बेबाकी दाखला आठवा. खातं बंद झालं एवढं तो दाखला सांगतो, माणूस कसा आहे ते नाही. कोर्टातसुद्धा संशयाचा फायदा मिळून सुटला तरी ॲक्विटच.

मार्केटयार्ड_सोलापूर
भावाचं बरोबर आहे ताई. एग्झॉनरेटमध्ये लॅटिन ओनस आहे, ओनस म्हणजे ओझं. आमच्या यार्डात हमाल पाठीवरनं कांद्याचं पोतं खाली टाकतो आणि सरळ उभा राहतो ना, तसं. खातेनिहाय चौकशीत आपल्या देशात हाच शब्द चालतो. आणि कोर्टातनं सुटला म्हणून चौकशीतनं सुटेलच असं नसतं, कारण कोर्टाला वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो, चौकशीत शक्यता कुणीकडं जास्त झुकते एवढं बघतात.
ॲब्सॉल्व्ह नको, त्याला चर्चमधल्या पापमुक्तीचा वास आहे, नाहीतर जबाबदारीतनं मोकळं केलं असा अर्थ निघतो.

शिकवणीवाले_सर
विंडिकेटेड का नको ते सांगतो. त्यात नुसतं सुटणं नाही, तुमचं म्हणणं खरं होतं हे पुढं सिद्ध झालं असा अर्थ आहे. फ्रान्सच्या ड्रायफसचं बघा. सैन्यातला कॅप्टन, जर्मनांना गुपितं दिली म्हणून 1894 मध्ये जन्मठेप, 1899 ला फेरखटल्यात पुन्हा दोषी आणि लगेच राष्ट्राध्यक्षांची माफी. तो पार्डन. माणूस घरी आला पण डाग तसाच, कारण माफीत गुन्हा पुसत नाहीत, शिक्षा सोडतात. 1906 मध्ये तिथल्या वरच्या कोर्टानं निकालच रद्द केला, सैन्यात परत घेतलं, तेव्हा तो एग्झॉनरेट झाला. आणि जी माणसं इतकी वर्षं हा निर्दोष आहे म्हणून भांडली ती विंडिकेट झाली. फ्रेंच लेखक एमिल झोला त्यांच्यातला, पण तो 1902 मध्येच गेला.
आपल्या सोलापुरातलं सांगायचं तर स्वातंत्र्यलढ्यातले चार हुतात्मे. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, त्या कोर्टाच्या कागदावर ते दोषीच आहेत. पण चार हुतात्मा पुतळ्यांपुढं आपण हात जोडतो, तिथं मला विंडिकेटेडच आठवतो.

जुळे_सोलापूर_07
एक शंका. आदेशात सिद्ध होत नाही असं आहे, निर्दोष आहेत असं कुठंय? मग एग्झॉनरेटेड म्हणजे जरा जास्तच झालं की.

निवृत्त_शिरस्तेदार
शंका रास्त आहे. म्हणून आदेशाचं भाषांतर करताना शब्दाला शब्द ठेवा, चार्जेस नॉट प्रूव्ह्ड, त्यात स्वतःचं काही घालू नका. सोबतच्या पत्रात मात्र एग्झॉनरेटेड ऑफ ऑल चार्जेस खुशाल लिहा, आदेशाची तारीख आणि जावक क्रमांक टाकून. आरोप सगळे पडले असतील तरच ऑल लिहा हं, एखादा अंशतः सिद्ध म्हटला असेल तर नाही.

सोलापूरची_लेक
तीनच्या तीन आरोप सिद्ध नाहीत, आत्ता परत वाचून बघितलं. सर म्हणले तसं विंडिकेटेड नको, कॅश नेमकी कुठं गेली ते अजून कुणालाच सापडलेलं नाही. पत्र बदललं. अण्णांना ओझं उतरल्याचा अर्थ वाचून दाखवला, काय बोलले नाहीत, चष्मा लावून तो शब्द एका कागदावर लिहून घेतला.