दिरांची सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींची मोजणी) ८६ आली आहे, टीबीही निघाला. वाचतील ना?

बार्शीची_वहिनी
धाकटे दीर, वय ३४, ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतात. खोकला अंगावर काढला. आता थुंकीत टीबी निघाला, एचआयव्हीही पॉझिटिव्ह. सासूबाई म्हणतात, आता काय उपयोग. खरं सांगा, माणूस जगतो का यातून? दीर तर दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं म्हणताहेत.

रात्रीची_गोळी
वहिनी, जगतो. सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, २००४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. माझे मालक त्याआधीच गेले; मला २००५ मध्ये गोळ्या मिळाल्या, म्हणून आज लिहितेय. तेव्हा सीडी४ साधारण २०० च्या खाली उतरेपर्यंत गोळ्यांसाठी थांबायला लावायचे. २०१७ पासून आकडा कितीही असो, लगेच सुरू करतात.

८६ म्हणजे उशीर झालाय, हे लपवत नाही. पहिले सहा महिने फार जपायचे. आपल्या एचआयव्हीवाल्यांतली सगळ्यात जास्त माणसं टीबीच नेतो. म्हणून आधी टीबीची औषधं, मग डॉक्टर सांगतील तेव्हा एआरटी. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्रावीरची (एआरटीतलं औषध) एक जादा गोळी बारा तासांनी देतात, ती चुकू देऊ नका.

आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कधीकधी ताप उसळतो, मानेला गाठी येतात. अंगातली ताकद परत येते आणि दबलेल्या टीबीवर तुटून पडते, त्याचा हा त्रास. घरचे म्हणतात औषध सोसलं नाही, आणि गोळ्या बंद! अशी गेलेली माणसं मी पाहिलीत, अजून जीव तुटतो. ताप आला की त्याच दिवशी एआरटी सेंटरला न्या. मनानं गोळी थांबवू नका.

कारखाना_पट्टा
यंदाचा हंगाम जाऊ द्या, टीबीचा कोर्स पुरा होऊ द्या. पुढं गेले तरी सेंटरला आधी सांगायचं, हिरवं पुस्तक (सेंटरची उपचारांची नोंदवही) सोबत ठेवायचं. दुसऱ्या गावच्या एआरटी सेंटरवरही गोळ्या मिळतात. आमच्या टोळीतला एकजण न सांगता गेला, चार महिने खंड पडला, खाटेवरच परत आणला.

रात्रीची_गोळी
जाऊबाईंची आणि लेकरांची तपासणी झाली का?

बार्शीची_वहिनी
नाही. जाऊबाई घाबरल्यात, गावात कळेल म्हणतात. उद्या मीच घेऊन जाते. कुठं जायचं?

रात्रीची_गोळी
सरकारी दवाखान्यातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्र. फुकट आहे, आणि नाव बाहेर सांगायला कायद्यानं बंदी आहे. आत्ता बोलायचं असेल तर १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन लावा. सगळ्यांची टीबीचीही तपासणी करून घ्या.