जर्मनीतलं खातं बडोद्यातूनच उघडलं
वर विचारलंय, की शिकायला जाणाऱ्या मुलाचं जर्मनीत खातं इथूनच उघडता येतं का. येतं, पण फक्त ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं. सध्या त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि तिकडे पोचल्यावर महिन्याला ९९२ सुटतात. आमच्या लेकीचं दोन वर्षांपूर्वी सगळं ऑनलाइन झालं, व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवून.

अडलं ते पैसे पाठवताना. रावपुऱ्यातल्या बँकेच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरला, रक्कम अगदी नेमकी लिहिली आणि मधल्या बँकेनं आपलं शुल्क त्यातूनच कापून घेतलं. वीसेक युरो कमी पोचले, आणि तेवढ्यासाठी व्हिसाला लागणारं पत्र अडकलं! नऊ दिवस घरात कुणाला नीट जेवण गेलं नाही. म्हणून फॉर्मवर शुल्काच्या रकान्यात ‘अवर’ (OUR, म्हणजे सगळं शुल्क पाठवणारा भरेल) लिहून घ्याच, शिवाय पन्नासेक युरो जास्तच पाठवा. संदर्भ क्रमांक स्वतः वाचून ताडून बघा, काउंटरवरचा माणूस घाईत असतो.

रोजच्या वापराचं साधं खातं मात्र आम्ही तिकडे गेल्यावर, पत्त्याची नोंदणी झाल्यावरच उघडलं. एखाद्या बँकेनं नकार दिला तर ‘बाझिसकोंटो’, म्हणजे मूलभूत खातं, मागा. २०१६पासून कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाचा तो हक्क आहे.