वडिलांच्या आठवणींची पुस्तिका करतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचे पप्पा मार्चमध्ये देवाघरी गेले, वय ८४. वसईतल्या कुपारी (सामवेदी बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती) कुटुंबातले, आयुष्यभर केळीची बाग केली. येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, नातवंडांच्या हाती छोटी पुस्तिका द्यायची आहे.

रोज संध्याकाळी सातला घरात रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना. बागेतून कितीही दमून आले तरी हातपाय धुऊन आधी गुडघ्यांवर. लहानपणी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये असे तेव्हा ते वेदीसेवक, म्हणजे वेदीपाशी धर्मगुरूंना मदत करणारा मुलगा, होते; धर्मगुरूंच्या प्रार्थनेला द्यायची ती लॅटिन उत्तरं शेवटपर्यंत तोंडपाठ! आम्ही मात्र कधी रेकॉर्ड केली नाहीत, याची फार हळहळ वाटते. आईच्या आजारपणात चार वर्षं तिची वेणी त्यांनीच घातली. हे पुस्तिकेत यायलाच हवं.

विचारायचं ते असं. १९६५ आधीची मराठी किंवा सामवेदी बोलीतली प्रार्थनेची पुस्तिका कोणाकडे आहे का? पानांचे फोटो चालतील. आणि बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीचा उतारा कोणी काढलाय का? त्यात धर्ममातापित्यांची (बाप्तिस्म्याच्या वेळच्या गॉडपेरेंट्सची) नावं मिळतील. अर्जासोबत काय काय जोडावं लागलं, कृपया सांगा.