ग्लॅडिओलसचा ‘कंद’ खरं तर घनकंद. पण शेतकऱ्याला या वर्गीकरणाचं काय करायचं?

पर्णिका_धरमपेठ (धागा सुरू केला)

पाऊस ओसरला की नागपुरात ग्लॅडिओलसच्या कंदांची विचारणा सुरू होते. दुकानात निशिगंध, डेलिया, ग्लॅडिओलस, सुरण या सगळ्यांच्या पोत्यांवर एकच शब्द लिहिलेला असतो, ‘कंद’. माझं म्हणणं असं की ही चूक फक्त शब्दाची नाही, तिच्यामुळे पीक बिघडतं.

कांदा उभा चिरा. आत पाकळ्यांसारखे रसाळ थर दिसतात, ती पानंच असतात. हा खरा कंद. आता ग्लॅडिओलसचा गड्डा चिरा. आत थर नाहीत, सगळा भरीव गर. हे फुगलेलं खोड आहे. वरची तपकिरी, जाळीदार साल सोला, म्हणजे गड्ड्याभोवती कड्यांसारख्या रेघा दिसतील. त्या खोडाच्या पेरांच्या खुणा. प्रत्येक पेरावर एक डोळा आणि सगळे डोळे एका सरळ रेषेत. याला घनकंद म्हणतात, काही पुस्तकांत दृढकंद छापलेलं असतं. डेलियाची गोष्ट तिसरीच, तिथे मुळं फुगतात. त्या मुळांवर डोळे नसतात, खोडाचा तुकडा चिकटलेला नसेल तर मूळ कुजतं पण उगवत नाही.

ग्लॅडिओलस हा केसर कुलातला म्हणजे इरिडेसीतला वंश. लिनियसने 1753 मध्ये नाव दिलं, लॅटिनमध्ये अर्थ ‘छोटी तलवार’, पानांवरून. याच्या अडीचशेहून जास्त जाती आहेत, बहुतेक आफ्रिकेतल्या, थोड्या भूमध्य समुद्राच्या आसपासच्या. फुलाला सहा परिदलं (पाकळ्यांसारखे भाग), तीन पुंकेसर, अंडाशय परिदलांच्या खाली, फूल एका बाजूला झुकलेलं आणि बिया पंख असलेल्या. एवढ्या खुणा माहीत असल्या की माणूस फसत नाही. औषधी दुकानात मिळणारं सुरंजान हाही घनकंदच, पण तो कॉल्चिकमचा आणि विषारी. त्याचं फूल केसराच्या फुलासारखं दिसतं, फक्त पुंकेसर सहा. तीन की सहा, एवढं मोजता आलं तरी पुरे.

काळीमाती_कळमेश्वर

ताई, तुम्ही सांगून राहिल्या ते सगळं बरोबर आहे. पण पुंकेसर मोजून एकरी फुलांची कांडी वाढत नाही. 30 बाय 20 सेंटिमीटरवर लावलं तर एकरी साठ हजाराच्या वर कंद लागतात. एवढा पैसा घालताना शेतकरी विचारतो तो प्रश्न एकच, कंद किती सेंटिमीटरचा? खरं वर्गीकरण तेच.

परदेशी व्यापारात ठरलेली प्रत अशी: 5 सेंटिमीटरच्या वर जंबो, 3.8 ते 5 पहिली प्रत, 3.2 ते 3.8 दुसरी, 2.5 ते 3.2 तिसरी. त्याखालचे वाढवायला ठेवायचे, फुलासाठी नाही. आपल्याकडे पोत्यात तिन्ही प्रती मिसळून येतात आणि भाव पहिलीचा लागतो. म्हणून मापाची लोखंडी कडी घ्या किंवा फळ्यांना भोकं पाडून चाळणी करा आणि मोजूनच घ्या.

आणि कुळाचं म्हणाल तर केसर, फ्रिसिया, ग्लॅडिओलस तिघंही एकाच कुळातले आणि तिघांनाही घनकंद. केसर लावा बरं कळमेश्वरात! कूळ एक असून मे महिन्याच्या उन्हात त्याचा काय उपयोग झाला? निशिगंधाचंही तसंच. त्याला शास्त्रज्ञांनी आता घायपाताच्या अगेव्हे वंशात नेऊन ठेवलं. शेतकऱ्याने एक खुरपणी कमी केली का त्यामुळे?

पर्णिका_धरमपेठ

@काळीमाती_कळमेश्वर प्रत महत्त्वाची आहेच, नाही कोण म्हणतं? पण नुसती रुंदी मोजलीत तर फसाल. दोन गड्डे सारख्या 4 सेंटिमीटरचे ठेवा. एक उंच, पोटाशी फुगीर, तळाशी मुळांचा वण लहान. दुसरा चपटा, बशीसारखा, तळाचा वण रुंद. पहिल्यात साठा जास्त आहे, कांडी त्याचीच चांगली येते. दुसरा बहुतेक जुना, कित्येक हंगाम फुलून थकलेला असतो. हे घनकंदाची रचना कळल्याशिवाय सांगता येत नाही.

मातीचा भर का द्यायचा तेही यातूनच कळतं. कांदा तोच राहून फुगतो. ग्लॅडिओलसचा जुना गड्डा दरवर्षी आटून सुकतो आणि त्याच्या डोक्यावर नवा तयार होतो. म्हणजे झाड दर हंगामाला एक पायरी वर चढतं. ते खाली ओढायला नव्या गड्ड्याला जाड, आखडणारी मुळं फुटतात. आपली काळी माती घट्ट झाली की ती मुळं ओढू शकत नाहीत, गड्डा उघडा पडतो आणि कांडी फुलांच्या वजनाने आडवी होते. म्हणून तीन-चार पानांवर असताना 10 ते 12 सेंटिमीटर माती चढवायची. नुसतं ‘भर द्या’ म्हणून सांगितलं तर माणूस तो आठ पानांवर देतो, तोवर मुळं तुटतात.

बीजकोश

दोघंही एक गोष्ट सोडून राहिले. कूळ नाही आणि प्रतही नाही, झाड मुळात कुठल्या पावसातलं आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. तिथल्या जाती, उदाहरणार्थ ग्लॅडिओलस ट्रिस्टिस, थंडीत वाढतात आणि उन्हाळ्यात झोपतात. त्याच्या पूर्वेला आणि वर उष्ण आफ्रिकेत पाऊस उन्हाळ्यात, तिथल्या जाती उन्हाळ्यात वाढून थंडीत झोपतात. आपण लावतो त्या बागायती संकरांच्या मुळाशी ग्लॅडिओलस डॅलेनी आणि तिच्यासारख्या या दुसऱ्या गटातल्या जाती आहेत. बेल्जियममधल्या घेंटचा संकर 1841 च्या सुमारास बाजारात आला आणि तिथून आजच्या मोठ्या फुलांची परंपरा सुरू झाली. गुणसूत्रांतही फरक आहे: केपच्या बहुतेक जातींत 30, बागायती संकरांत 60.

म्हणजे नागपुरात आपण उन्हाळी पावसाच्या झाडाला उलट्या पंचांगावर चालवतो. पावसाळ्यात झोपवतो, रब्बीत उठवतो. त्याची निसर्गातली झोप थंडीने मोडते. आपल्या उन्हाळ्यात खोलीत ठेवलेला गड्डा उष्णतेने झोपेतच राहतो, वर सुकतो. ऑक्टोबरमध्ये लावला तर निम्मे उगवतात, निम्मे महिनाभर गप्प. शेत एकसारखं फुललं नाही की बाजाराचा भाव हातचा गेला.

काळीमाती_कळमेश्वर

@बीजकोश हे कामाचं बोलले. आमच्याकडे ‘बेणं खराब निघालं’ म्हणून भांडणं होतात, त्यात किती तरी वेळा बेणं ठीक असते, झोप मोडलेली नसते. शीतगृहात किती दिवस ठेवावं, तेही सांगा.

बीजकोश

3 ते 5 अंश सेल्सिअस, कमीत कमी तीन महिने. क्रम असा ठेवा:

फुलांची कांडी कापताना झाडावर चार पानं ठेवा, ती नव्या गड्ड्याला पोसतात. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. लांब कांडीला भाव जास्त, म्हणून खालपर्यंत कापतात आणि पुढच्या वर्षीचं बेणं बारीक निघतं. कापल्यावर दीड-दोन महिन्यांनी पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडा, गड्डे काढा. साधारण मार्च ते एप्रिलचा पहिला आठवडा. पूर्ण वाळेपर्यंत थांबू नका, छोट्या कंदिका मातीत गळून राहतात.

मग दोन-तीन आठवडे सावलीत, हवा खेळती ठेवून एका थरात वाळवा. उन्हात टाकले तर एप्रिलच्या उन्हात गड्डा भाजतो. वाळल्यावर जुना सुकलेला गड्डा खालून पिळून काढा, तो सहज निघतो. निघत नसेल तर अजून वाळलं नाही. वरची साल मात्र काढू नका, तिच्यामुळे गड्डा सुकत नाही.

शीतगृहात जाळीच्या क्रेटमध्ये ठेवा. गोणीत दाबून भरले की आतले घाम धरतात. लावणीच्या 10-15 दिवस आधी बाहेर काढून सावलीत पसरा. डोळा सेंटिमीटरभर वर आला आणि तळाशी मुळांचे बारीक फोड दिसले की लावायची वेळ झाली.

कुंडीवाली_प्रतापनगर

घरी तीस-चाळीस कंद असतात, त्यासाठी शीतगृह कोण देणार? कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर चालतात. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. मला पर्णिकाताईंची बाजू पटते, पण कारण वेगळं आहे. ‘अ‍ॅसिडँथेरा’ म्हणून कंद मिळतात आणि लोक वेगळंच झाड समजून वेगळी माहिती शोधत बसतात. तो ग्लॅडिओलसच आहे ना?

पर्णिका_धरमपेठ

हो. तो आता ग्लॅडिओलस म्युरिएली. पूर्व आफ्रिकेतला, पांढरं फूल, मध्ये गडद जांभळा डाग, नळी खूप लांब आणि संध्याकाळनंतर सुगंध. लांब सोंडेच्या पतंगांसाठी घडलेलं हे फूल, म्हणून ते इतर ग्लॅडिओलसपेक्षा वेगळं दिसतं आणि कधीकाळी त्याला स्वतंत्र वंश मानलं. होमोग्लॉसमचंही तसंच. तो लाल, नळीदार फुलांचा आणि पक्ष्यांसाठी घडलेला, तोही आता ग्लॅडिओलसमध्ये. गोल्डब्लॅट आणि मॅनिंग या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या 1998 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या ग्लॅडिओलसवरच्या पुस्तकातही होमोग्लॉसम ग्लॅडिओलसमध्येच आहे. फुलाचं रूप परागकण वाहणाऱ्यामुळे पटकन बदलतं, नातं तेवढ्यात बदलत नाही.

काळीमाती_कळमेश्वर

आता हे बघा, याच जागी तुमचं नि माझं जुळत नाही. वंश एक झाला म्हणून लागवड एक होत नाही. बाजारात म्युरिएलीला कोणी विचारत नाही, मोठ्या फुलाला विचारतात. फुलांच्या बाजारासाठी दुसरं वर्गीकरण आहे, तीन आकड्यांचं, अमेरिकेत ठरलेलं. पहिला आकडा खालच्या फुलाची रुंदी: 100 म्हणजे 6.4 सेंटिमीटरच्या आतलं, 500 म्हणजे 14 सेंटिमीटर किंवा वरचं. दुसरा आकडा रंगाचा, 0 पांढरा, 1 पिवळा, 5 लाल. तिसरा छटेचा, आणि तो विषम असेल तर फुलावर ठळक डाग आहे. ‘व्हाइट प्रॉस्पेरिटी’ 400 गटातली, मोठी, पांढरी, बिनडागी. लग्नाच्या सजावटीला पांढरं नि बिनडागी हवं असते, तर या आकड्याने घ्यावं. सीताबर्डीच्या फुलबाजारात दलाल ‘तीन पुंकेसर आहेत का’ असं नाही विचारत.

बीजकोश

@काळीमाती_कळमेश्वर 400 असो की 500, बुरशीला आकडा कळत नाही. फ्यूजेरियम बुरशीची एक खास जात ग्लॅडिओलसवर आणि त्याच्या कुळातल्या केसर, फ्रिसियावर येते आणि काळ्या मातीत पाणी साचलं की ती तळातून आत शिरते. पानं विळ्यासारखी वाकतात, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. तो गड्डा मधोमध चिरला तर तळापासून वर जाणारी तपकिरी रेघ दिसते. म्हणून विकत घेताना शंभरात दोन गड्डे चिरून बघाच. बाहेरून कडक असलेलाही आतून सडका निघतो.

लावण्याआधी 10 लिटर पाण्यात 20 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, अर्धा तास बुडवायचं, सावलीत निथळवायचं. हातमोजे घालूनच. डाग असलेले आधीच वेगळे काढा, औषधाने ते बरे होत नाहीत, उलट बाकीच्यांना त्याच पाण्यातून लागण होते. आणि त्याच जागेत पुढची तीन वर्षं ग्लॅडिओलस लावू नका.

कुंडीवाली_प्रतापनगर

म्हणजे काढायचेच? गच्चीवर मोठ्या कुंड्या आहेत, तिथे कुंडीतच ठेवले तर काय होईल?

बीजकोश

जमिनीत नाही ठेवायचे. नागपुरात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, झोपलेल्या गड्ड्याला पाणी वापरता येत नाही. कुंडी पावसाखाली न येता सज्जाखाली, कोरड्या मातीत ठेवली तर गड्डा वाचतो, पण थंडी न मिळाल्याने उगवण एकसारखी येणार नाही. चार कुंड्या असतील तर चालून जाईल.

पर्णिका_धरमपेठ

एक भर. कंदिका फेकू नका. जुन्या नि नव्या गड्ड्याच्या मधल्या देठावर मटारच्या आकाराचे जे दाणे लागतात, तेच पुढचं बेणं. त्यांचं कवच कठीण असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून 3-4 सेंटिमीटर खोल ओळीत पेरा. फुलायला दोन ते तीन हंगाम लागतात. मोठ्या जातीचा गड्डा कापूनही वाढवता येतो, पण उभाच कापा आणि प्रत्येक तुकड्याला एक डोळा आणि तळाच्या मुळाच्या वणाचा भाग आला पाहिजे. आडवा कापला तर वरच्या अर्ध्याला मुळं फुटायला जागा नाही. डोळे एका रेषेत असतात हे मी वर लिहिलं, त्याचा उपयोग इथे होतो, @काळीमाती_कळमेश्वर.

काळीमाती_कळमेश्वर

कापायचं मान्य आहे ताई, ते पटलं. कापलेला भाग कसा सांभाळता? आमच्याकडे कापलेले सडतात.

पर्णिका_धरमपेठ

कापल्यावर लगेच लावू नका. कार्बेन्डाझिममध्ये बुडवून, कापलेली बाजू वर ठेवून दोन-तीन दिवस सावलीत पसरा. काप सुकून त्यावर कोरडी पापडी धरली की लावा. चाकू दर गड्ड्यानंतर स्पिरिटने पुसा, नाहीतर एका सडक्याची बुरशी पुढच्या पन्नासांत जाते. आणि पहिला आठवडा पाणी अगदी बेताचं, माती फक्त ओलसर.