रिफ्लेक्टिव्ह जॅकेट कोणते घ्यावे आणि कधी बदलावे?

प्रश्न: आमच्या गोदामात फोर्कलिफ्टची ये-जा रात्रीही चालू असते; तेथील कामगारांसाठी कोणत्या श्रेणीची जॅकेट घ्यावीत आणि ती कधी बदलावीत?

उत्तर १: आयएसओ २०४७१ या, दुरून ठळक दिसणाऱ्या कपड्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दुसऱ्या श्रेणीच्या जॅकेटमध्ये किमान ०.५० चौरस मीटर फ्लुरोसंट कापड आणि ०.१३ चौरस मीटर परावर्तक पट्टी लागते. फ्लुरोसंट रंग दिवसा उठून दिसतो. अंधारात मात्र सारी भिस्त पट्टीवरच असते.

उत्तर २: धुण्याची कमाल संख्या लेबलवर छापलेली असते, परंतु ग्रीसने काळवंडलेले जॅकेट त्याआधीच बाद करावे. ब्लीच कटाक्षाने टाळावे.

उत्तर ३: अंधाऱ्या खोलीत डोळ्यांजवळ टॉर्च धरून जुने जॅकेट नव्याशेजारी ठेवून पाहावे, भेगाळलेली पट्टी लगेच ओळखू येते. शिवाय समोरची चेन बंदच असावी, हे साहेबांनाही सांगावे लागते!